गुरुवारचा पांढरा सॉस

आस्टाला वास फक्त स्वप्नात यायचे.

जागेपणी सगळं जग पुसून ठेवल्यासारखं कोरं असायचं. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, साबण म्हणजे नुसता फेस, खाडीवरून येणारा वारा म्हणजे नुसता गारवा. पण दुपारी सामायिक घराच्या काचेच्या ओसरीत बाकावर अंग टाकलं, डोळ्यांवर ऊन आलं आणि पापण्या जड झाल्या, की कुठूनतरी अलगद एखादा वास तिच्यापाशी येऊन बसायचा. नव्याने डांबर फासलेल्या होडीचा, शेगडीजवळ वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा, नाहीतर आईच्या एप्रनमध्ये मुरलेल्या कांद्याचा. झोपेत ती मोठमोठे श्वास घ्यायची, आणि बाहेर खेळणारी पोरं एकमेकांना सांगायची, आस्टा घोरतेय. घोरत नव्हती बिचारी, हुंगत होती.

मग जाग यायची. ती डोळे न उघडता थोडा वेळ पडून राहायची, कारण डोळे उघडले की वास जायचा हे तिला ठाऊक होतं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन संध्याकाळ झाली तरी मावळायचं नाव घेत नाही. त्या उन्हात काचेपलीकडची बाग, सफरचंदाची झाडं, पलीकडची खाडी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ हलत असायचं. आस्टा उठायची, केस नीट करायची आणि स्वयंपाकघरात जायची. तिथे भलंमोठं पातेलं तिची वाट बघत असायचं.

हासेलगोर ही आमची वस्ती. विटांची बुटकी घरं, मधोमध सामायिक घर, आणि कुठल्याच दोन घरांच्या मध्ये कुंपण नाही. एक झुडूप आहे, त्यावरून मात्र बरंच रामायण झालेलं आहे. प्रत्येक घराला स्वतःचं स्वयंपाकघर आहे. तिथे सकाळची कॉफी होते आणि नवरा-बायकोची भांडणं होतात. संध्याकाळचं जेवण सामायिक घरात, सगळ्यांचं एकत्र, आणि रांधायचं पाळीपाळीने. डेन्मार्कात अशा वस्त्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येक वस्तीला वाटतं की आपल्यासारखी आपणच. आम्हालाही वाटतं.

आस्टा मूळची बेटावरची, कोळ्याची मुलगी. वयात आल्यावर मुख्य भूमीवर आली, शिडं शिवण्याच्या कारखान्यात लागली, आयनार नावाच्या वायरमनशी लग्न केलं. दोन पोरं कडेवर असताना या दोघांनी आणि आणखी काही खुळ्या जोडप्यांनी मिळून बिटाची एक बुडीत शेती विकत घेतली आणि घरं बांधायला काढली. घरांवर छपरं नव्हती तेव्हा सगळे गोठ्यात जेवायचे. कपडे उकळायच्या हंड्यात आस्टाने वाटाण्याचं सूप केलं, आणि सूप संपल्यावर कोणीतरी विचारलं, ‘उद्या कोण करणार?’ सगळे जमिनीकडे बघायला लागले. तेव्हा आस्टाने सांगितलं, उद्या तू, परवा तू, आणि तेरवा तू. त्या दिवसापासून वस्तीच्या जेवणाची दोरी तिच्या हातात आली. ही दोरी खरोखरच होती. सामायिक घराच्या दारात तिने एक सुतळी बांधली आणि प्रत्येकाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा करून ठेवला. जेवायला येणार असाल तर दुपारपर्यंत आपला चिमटा सुतळीला लावायचा. एवढीच व्यवस्था. पुढे कोणीतरी हे सगळं संगणकावर नेलं, ते महिनाभर चाललं आणि चिमटे परत आले.

ती काही फार मोठी सुगरण नव्हती, हे सांगून टाकलेलं बरं. तिचा हातखंडा वेगळाच होता. कोणाला कोणाबरोबर रांधायला घालायचं हे तिला कळायचं. झुडपावरून बोलणं टाकलेल्या दोघांना ती एकाच दिवशी बटाटे सोलायला बसवायची आणि स्वतः मीठ आणायच्या निमित्ताने तासभर गायब व्हायची. परत येईपर्यंत बटाटे सोललेले असायचे, आणि दोघं निदान आस्टाला नावं ठेवण्यापुरते तरी एक झालेले असायचे.

स्वतःकडे तिने गुरुवार ठेवला होता. गुरुवारी डुकराच्या मांसाचे कुरकुरीत काप, सालासकट उकडलेले बटाटे आणि वरून कोथिंबिरीसारखी पार्सली घातलेला पांढरा सॉस. लोणी, मैदा, दूध आणि मुठीमुठीने पार्सली. आयनार असताना तो पार्सली चिरायचा आणि शिटी वाजवायचा. तो गेल्यावर ती स्वतः चिरायला लागली. शिटी तिला वाजवता येत नव्हती.

हिवाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. सगळे आठवडाभर खोकले आणि बरे झाले. आस्टाही बरी झाली, पण वास गेले ते गेलेच. जिभेलाही खारट-आंबट अंधुकच कळायचं. डॉक्टर म्हणाला, येतील कदाचित, नाही येणार कदाचित, वाट पाहायची. आस्टाने वाट पाहिली आणि कोणाला काही सांगितलं नाही. गुरुवार ती नजरेने आणि कानाने निभवायला लागली. लोणी तडतडायचं थांबलं की मैदा, चमच्याच्या पाठीवर थर बसला की मीठ. सगळं पाठ होतं. दुपारी बाकावर पडून ती स्वप्नात पार्सलीचा वास घेऊन यायची आणि तो विरायच्या आत पातेल्याशी पोहोचायचा प्रयत्न करायची. दारापर्यंत पोहोचेतो तो गेलेला असायचा.

न सांगण्याचं कारण होतं सूट.

आमच्याकडे प्रत्येक जाणत्या माणसाने रांधायचंच असा नियम आहे. पण माणूस थकला, की बैठकीत त्याला सूट देतात. फुलं देतात, मिठ्या मारतात, त्याच्यावर रचलेलं गाणं म्हणतात आणि सांगतात, आता तू काही करायचं नाही, नुसतं यायचं आणि जेवायचं. फार प्रेमाने देतात. ही सूट आस्टाच्याच डोक्यातून निघालेली. पहिली सूट मिळाली ती थोर्किलला. तो गवंडी, सामायिक घराची चूल त्याने बांधलेली. त्याचे हात कापायला लागले आणि एकदा सुपाचं पातेलंच हातातून सुटलं. आस्टाने बैठकीत सूट सुचवली, सगळ्यांचे डोळे पाणावले. थोर्किल पुढे काही महिने जेवायला आला. मग त्याचा चिमटा एक दिवसाआड दिसायला लागला, मग आठवड्यातून एकदा, आणि मग सुतळीवर त्याची जागा रिकामीच राहिली. दर गुरुवारी आस्टा झाकलेलं ताट त्याच्या पायरीवर ठेवते आणि शुक्रवारी ते धुतलेलं तिच्या पायरीवर येतं. त्याच्या खिडकीत संध्याकाळी एकच दिवा असतो.

आस्टाला त्या एका दिव्याची भीती वाटत होती. तिचा मुलगा कोपनहेगनला, मुलगी त्याहून लांब. संध्याकाळचं ते मोठं टेबल, तो कलकलाट, मेणबत्त्यांखाली सांडलेलं दूध, हे सगळं हातचं गेलं तर मागे काय उरतं, हा हिशोब तिने एकदाच मनात मांडला होता आणि घाईघाईने पुसून टाकला होता.

मग तो गुरुवार आला. पोरांनी सकाळी दुधाचे दोन पुडे ओसरीत उन्हात विसरले होते. आस्टाने तेच पातेल्यात ओतले. सॉस जरा रवाळ दिसला. तिला वाटलं मैद्याच्या गुठळ्या झाल्या असतील, म्हणून तिने तो जोर लावून घोटला आणि वर पार्सली घातली. हिरवं-पांढरं सुंदर दिसत होतं. सगळे जेवले. जेवण झाल्यावर आमच्याकडे ‘अन्नाचे आभार’ म्हणतात आणि रांधणारा म्हणतो ‘अंगी लागो’. एरवी ते तोंडातल्या तोंडात होतं, अर्धे लोक खुर्ची सरकवता सरकवता म्हणतात. त्या दिवशी सगळे एकदम, मोठ्याने आणि मनापासून म्हणाले. आस्टाला जरा नवलच वाटलं. ती म्हणाली, ‘अंगी लागो.’

भांडी गोळा करताना तिला दिसलं. ताटाताटांत बटाट्याच्या सालांचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगाखाली सॉस दडवलेला होता. पोरांच्या ताटांत नाही, पोरांनी तर सॉस सरळ बाजूला सारला होता. दडवला होता तो मोठ्या माणसांनी. आस्टाने बोट बुडवून चाटलं. जिभेला काहीतरी केसाळ लागल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही. तिने थोडा सॉस बशीत घेऊन वस्तीच्या मांजरीपुढे ठेवला. मांजरीने हुंगलं, आस्टाकडे पाहिलं आणि शेपटी वर करून ती चालती झाली. त्या संध्याकाळी हासेलगोरमध्ये खरं बोललेली ती एकटीच.

आस्टा बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून तिने दोन-तीन दिवस वाट पाहिली. सगळे तिच्याशी फार गोड वागत होते.

रविवारी दुपारी तिला बाकावर डोळा लागला आणि एक मोठं स्वप्न पडलं. तिच्या वडिलांची मच्छीमार होडी होती, पण होडीवर सामायिक घराचं लांब टेबल मांडलेलं होतं आणि सगळी वस्ती जेवत होती. खाडीवर दाट धुकं उतरलेलं. आयनार टेबलाच्या टोकाला पार्सली चिरत होता आणि त्या पार्सलीचा वास इतका हिरवा, इतका ओला होता की आस्टाला झोपेतच रडू आलं. ती त्याला सांगत होती, चिरत राहा, थांबू नकोस. तेवढ्यात टेबलावरचे लोक गायला लागले. ओळखीची चाल, पण शब्द वेगळे. शब्दांत तिचं नाव होतं. होडी धुक्यात पुढे पुढे चालली, गाणं मोठं होत गेलं, आणि तिच्या लक्षात आलं की होडी काठापासून सुटलीय आणि ती स्वतः काठावर उभी आहे.

तिने डोळे उघडले. वास गेला. गाणं मात्र चालूच होतं.

ते भिंतीपलीकडून, कपडे धुण्याच्या खोलीतून येत होतं. प्रेबेन चाल धरून देत होता. प्रेबेन म्हणजे निवृत्त मास्तर. वस्तीतली वाढदिवसाची, लग्नाची, निरोपाची सगळी गाणी तोच रचतो. ‘पास्ता’वर आवाज चढवा, तो सांगत होता, तिथे हसू येतं. आस्टाचा वाढदिवस हिवाळ्यातच होऊन गेला होता. लग्न तर काही ती करणार नव्हती. उरलं काय ते तिला उमजलं आणि ती तशीच बाकावर पडून राहिली. आपलीच पाठवणी आपण भिंतीआडून ऐकायची वेळ कोणावर येऊ नये.

संध्याकाळी तिने डोक्याला रुमाल बांधला आणि समोरच्या घरी गेली. दार लोटलेलं होतं. थोर्किल भिंतीकडे तोंड करून काळा पाव खात होता.

‘ताट परत करायचं राहिलं का?’ त्याने न वळता विचारलं.

‘नाही.’

‘मग काय काम?’

‘बसू का?’

‘खुर्चीला विचार. तिच्यावर बरेच दिवसांत कोणी बसलेलं नाही.’

आस्टा बसली. बाहेर झाडांच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं आणि खोलीत ते पिवळं, पातळ होऊन पसरलं होतं. पावाचा तुकडा धरलेला त्याचा हात त्या उन्हात थरथरत होता.

‘मला सूट देतायत,’ ती म्हणाली.

थोर्किलने घास संपवला. ‘गाणं झालं का रचून?’

‘झालं. आस्टाशी पास्ता जुळवलाय. जन्मात कधी पास्ता केला नाही मी.’

‘नशीबवान आहेस. माझ्या नावाशी काही जुळेना म्हणून त्याने सहा कडव्यांत नुसतं “आपला गवंडी” घातलं होतं.’

आस्टाला हसू आलं. ‘थोर्किल, तू यायचा का थांबलास?’

‘विचारायला बरीच वर्षं घेतलीस.’

‘घेतली. आता विचारते.’

तो वळला. बोलायची सवय गेलेल्या माणसासारखा एकेक शब्द जागेवर ठेवत बोलला. ‘पहिला महिना बरं वाटलं. आयतं ताट, हातात नॅपकिन. मग एकदा बटाटे कच्चे होते. दात लागत नव्हते इतके कच्चे. मी बोलणार होतो, तोंडही उघडलं होतं. मग म्हटलं, जो काडीला हात लावत नाही त्याने नावं कशी ठेवायची? तुम्ही एकमेकांना नावं ठेवायचात. एवढी मऊ मनाची मारेनसुद्धा प्रेबेनला म्हणायची, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी. माझ्याकडे वळलात की सगळे गोड. हळू बोलायचात, हसायचात, दार धरायचात. मला वाटायला लागलं की मी मेलोय आणि कोणी मला सांगत नाहीये.’

‘आम्हाला वाटलं, तुझं ओझं कमी करतोय.’

‘केलंत की. इतकं केलंत की माझं वजनच उरलं नाही.’

आस्टा म्हणाली, ‘मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. गेल्या गुरुवारी दूध नासलेलं होतं.’

‘माहीत आहे. पायरीवर ताट ठेवलं होतंस ना.’

‘खाल्लंस?’

‘वेडी आहेस का? पुरलं बागेत. तिथे आता काही उगवेल असं वाटत नाही.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

थोर्किलने पावाचे कण टेबलावरून तळहातावर ओढून घेतले. ‘मला सूट आहे,’ तो म्हणाला.

बैठक मंगळवारी होती. आमच्या बैठकीत हात मोजत नाहीत, एकमत लागतं, आणि ज्याच्याबद्दल ठराव असेल त्यालाही शेवटी विचारतात. अर्थात फुलं समोर ठेवून विचारतात, त्यामुळे आजवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी बैठक मारेन चालवत होती. वयाने आमच्यात धाकटी, दोन पोरांची आई, मनाने इतकी मऊ की भिंतीवर कोळी दिसला तर पेल्यात धरून बागेत सोडून येते. तिने खूप सुंदर शब्दांत सगळं सांगितलं. प्रेबेनच्या मांडीवर गाण्याचे कागद होते. टेबलाखाली बादलीत ट्युलिप होते आणि सगळे ते न दिसल्यासारखं करत होते.

‘तर आस्टा,’ मारेन म्हणाली, ‘तुला मान्य आहे ना?’

‘नाही,’ आस्टा म्हणाली.

प्रेबेनने समजूतदारपणे मान डोलावली. ‘म्हणजे विचार करायला वेळ हवाय.’

‘वेळ नकोय. नाही म्हणतेय.’ आस्टा उभी राहिली. ‘मला हिवाळ्यापासून वास येत नाही. मी लपवलं, ती माझी चूक. आता मला सांगा, गेल्या गुरुवारचं दूध नासलेलं होतं हे कोणाकोणाला कळलं? हात वर करा.’

आधी कोणीच हात वर केला नाही. मग मारेनचा हात खांद्यापर्यंत आला. मग प्रेबेनचा. मग सगळ्या खोलीत एकामागून एक हात वर झाले आणि तसेच राहिले.

‘आणि आभार मानलेत,’ आस्टा म्हणाली.

‘तू इतकं मन लावून केलं होतंस,’ मारेनचे डोळे भरले होते. ‘तुला वाईट वाटलं असतं.’

‘वाटलं असतं. वाटू द्यायचं होतं. रात्रभर वाटलं असतं आणि सकाळी मी दूध बघून घेतलं असतं. तुम्ही मला गोड बोलून घरी बसवताय. मला घरी बसायची भीती वाटते.’

एवढं सरळ वाक्य आमच्या बैठकीत सहसा कोणी बोलत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

‘पण आस्टा, लेकरं जेवतात,’ प्रेबेन हळूच म्हणाला. ‘एखाद्याचं पोट बिघडलं तर?’

तो बरोबर बोलत होता आणि ते तिलाही कळत होतं. शेवटी आमच्या पद्धतीप्रमाणे अर्धवट निर्णय झाला: येत्या गुरुवारी आस्टा रांधेल, मग बघू. ट्युलिप बादलीतच राहिले.

गुरुवारी दुपारी ती बाकावर आडवी झाली नाही. स्वप्नातून वास आणायची तिची हिंमत नव्हती. तिने दुधाचे पुडे दोनदा तपासले, बटाटे लावले, लोणी वितळवलं. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं आणि त्यात मैद्याची धूळ तरंगत होती. तिचा हात नेहमीसारखा फिरत होता, गोल, गोल, आणि त्या फिरण्यात तिला जरा गुंगी येत होती. मागे दार वाजलं.

थोर्किल दारात उभा होता. दाढी केली होती, त्यात दोन ठिकाणी कापलं होतं. ‘मी काही करणार नाही,’ तो म्हणाला. ‘हात चालत नाहीत. नुसता बसणार आहे.’

‘बस.’

तो स्टुलावर बसला, आपणच बांधलेल्या चुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाहेर लोक जमायला लागले होते. आमच्याकडे जेवण सहाला म्हणजे सहाला. छपरं नव्हती तेव्हापासून त्याला कधी उशीर झालेला नाही. ताटं मांडल्याचे आवाज आले. आस्टाने पार्सली घातली. सॉस साटनसारखा दिसत होता, एक गुठळी नव्हती. तिला आत कुठेतरी फार बरं वाटलं.

‘लागलंय,’ थोर्किल म्हणाला.

‘काय?’

‘सॉस. तळाला लागलाय.’

‘सारखी ढवळतेय मी. बघ की, पांढराशुभ्र आहे.’

‘दिसायला असेल. वास लागलाय, आस्टा. दार उघडून आत आलो तेव्हा नव्हता, आता आहे.’

तिने चमचा तळाशी घासला. काळा पापुद्रा वर आला. ती त्या पापुद्र्याकडे बघत राहिली. बाहेर खुर्च्या सरकत होत्या. वाढता आलं असतं. वरचा वरचा काढून, पार्सली आणखी घालून वाढता आलं असतं, आणि सगळ्यांनी खाल्लंही असतं. फेकला तर पहिल्यांदाच हासेलगोरचं जेवण वेळेवर होणार नव्हतं, आणि तेही नेमकं आज, सगळ्यांचे डोळे तिच्यावर असताना. तिला वाटलं, आपण पुन्हा त्या स्वप्नातल्या काठावर उभे आहोत आणि होडी सुटलीय.

‘थोडाच लागलाय का?’ तिने विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला लहान मुलीसारखा वाटला.

थोर्किलने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर तिने त्याला कायम दुवा दिला असता. ‘माणसांना घालण्यासारखा नाही,’ तो म्हणाला. ‘फेक.’

आस्टाने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीत पालथं केलं. मग एप्रनला हात पुसत बाहेर आली. सगळे टेबलाशी बसलेले, मेणबत्त्या लावलेल्या, मुलं काट्यांनी ताटं वाजवत होती.

‘सॉस लागला,’ ती म्हणाली. ‘मला कळलं नाही, थोर्किलला कळलं. फेकून दिला. नव्याने करते, उशीर होईल.’

मग मारेनने हातातला नॅपकिन टेबलावर ठेवला. सगळ्यांना वाटलं, आता ती म्हणेल काही हरकत नाही. तिच्या तोंडावर ते आलंही होतं.

‘मला मरणाची भूक लागलीय,’ मारेन म्हणाली, ‘आणि बटाटे गार होणार.’ एवढं बोलून ती स्वतःच लाल झाली. मग उठली आणि पार्सली चिरायला आत गेली.

त्या दिवशी सॉस टेबलावर येईपर्यंत ऊन खाडीवर आडवं झालं होतं आणि टेबलाच्या टोकापासून टोकापर्यंत सगळ्यांचे चेहरे मधाच्या रंगाचे दिसत होते. आस्टा थोर्किलच्या शेजारी बसली. त्याचा काटा ताटावर किणकिणत होता आणि कोणी त्याला मदत करत नव्हतं, कारण सगळे खाण्यात गुंतले होते. टेबलापलीकडून प्रेबेन म्हणाला, ‘आस्टा, मीठ कमी आहे.’

बोलून गेल्यावर त्याचा काटा हवेतच थांबला.

‘मग घाल की,’ आस्टा म्हणाली आणि मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. ‘आणि पुढच्या गुरुवारी लवकर ये, थोर्किलबरोबर बस. तो वास घेईल, तू मीठ बघ.’

‘मी येणार आहे असं कोणी सांगितलं?’ थोर्किल म्हणाला आणि आणखी दोन बटाटे घेतले.

आस्टा जेवत होती. तिला चव लागत नव्हती. लोणी नाही, पार्सली नाही, काही नाही, नुसतं गरम आणि मऊ. हिवाळ्यापासून ती औषध घ्यावं तशी जेवत होती, चार घास आणि पुरे. तिने ताटाकडे पाहिलं. ते रिकामं होतं. तिने पातेलं पुढे ओढलं आणि पुन्हा वाढून घेतलं.